शून्य दराची लेव्ही: ऑस्ट्रेलियातल्या बदाम-मॅकाडेमिया बागायतदारांसाठी कीड-आणीबाणीच्या पैशांचा हिशोब

मालाची पहिली हिशोबपट्टी हातात आली की नवा बागायतदार तळाची रक्कम बघतो आणि कागद फाइलला लावून टाकतो. मधल्या कपातीच्या ओळी तो दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी वाचायला लागतो. त्यातल्या लेव्हीच्या, म्हणजे मालावर लागणाऱ्या सरकारी कपातीच्या, रकमेची फोड मागितली, तर एका ओळीपुढे बरेचदा शून्य दिसतं. ती ओळ कीड-आणीबाणीच्या लेव्हीची. तिथे शून्य आहे म्हणजे आपला तिच्याशी संबंध नाही, असं बहुतेकांना वाटतं. मी सनरेशिया भागात (व्हिक्टोरिया आणि न्यू साउथ वेल्सच्या सीमेवर) बागायतदारांचे हिशोब लिहितो आणि मला सर्वांत जास्त समजावून सांगावी लागते ती हीच ओळ. आपल्या मराठी मंडळींपैकी कुणी इथे बदामाची बाग घेतली असेल, कुणी क्वीन्सलंडमध्ये बंडाबर्गच्या बाजूला मॅकाडेमिया (कठीण कवचाचा सुकामेवा) लावला असेल, कुणी मेलबर्नमध्ये बसून मुंबईला माल पाठवत असेल. त्या सगळ्यांसाठी हे सविस्तर लिहितो आहे.

पैसा नक्की कशासाठी, हे आधी समजून घ्या

ऑस्ट्रेलियात पूर्वी कधीही नसलेली कीड किंवा रोग सापडला, की तो पसरण्याआधी मुळासकट संपवायचा प्रयत्न होतो. त्याचा खर्च कुणी आणि किती उचलायचा, हे ऐन संकटात भांडत बसण्यापेक्षा आधीच लिहून ठेवलेलं बरं, या विचारातून एक करार झाला. केंद्र सरकार, सगळी राज्यं व प्रदेश आणि वेगवेगळ्या पिकांच्या बागायतदार संघटना यांच्यातला हा करार २६ ऑक्टोबर २००५ पासून लागू आहे. त्याची देखभाल कॅनबेरातली ‘प्लांट हेल्थ ऑस्ट्रेलिया’ ही संस्था करते. बदामासाठी ‘अल्मंड बोर्ड ऑफ ऑस्ट्रेलिया’, मॅकाडेमियासाठी ‘ऑस्ट्रेलियन मॅकाडेमिया सोसायटी’, चेस्टनटसाठी ‘चेस्टनट्स ऑस्ट्रेलिया’ अशा संघटना आपापल्या बागायतदारांच्या वतीनं बोलतात.

करारात किडींचे चार वर्ग आहेत. जिच्यामुळे जंगलं, सार्वजनिक बागा, निसर्ग, माणसांचं आरोग्य असं सगळ्यांचंच मोठं नुकसान होईल, ती कीड पहिल्या वर्गात. तिचा सगळा खर्च सरकारांचा. दुसऱ्या वर्गात सरकारं ८० टक्के आणि उद्योग २० टक्के. तिसऱ्यात निम्मे-निम्मे. चौथ्यात नुकसान मुख्यतः त्या पिकाच्या बागायतदारांपुरतंच, म्हणून उद्योगाचा वाटा ८० टक्के. सरकारी वाट्यातला अर्धा केंद्र देतं आणि उरलेला अर्धा राज्यं आपसात वाटून घेतात.

आता उद्योगाचा वाटा म्हणजे कुणाचा? संघटनेकडे काही कोटी डॉलर पडून नसतात. तो वाटा शेवटी प्रत्येक किलोवर थोडाथोडा करून बागायतदारच देतो, आणि तो वसूल करायचं साधन म्हणजे ही लेव्ही. एरवी दर शून्य ठेवलेला असतो. गरज पडली की नियमात आकडा बदलतो. विहिरीवर पंप बसवून ठेवावा आणि आग लागेपर्यंत बटण दाबू नये, तसा हा प्रकार.

सावंतवाडीकडच्या आमच्या काजूवर दर मोहोराला ढेकण्या येतो, खोडात रोठा शिरतो. या जुन्या, मुक्काम ठोकलेल्या किडी. त्यांच्याशी शेतकरी स्वतःच्या फवारणीनं आणि स्वतःच्या खर्चानं झुंजतो. ऑस्ट्रेलियातही आधीपासून मुरलेल्या किडीसाठी या करारातून पैसे मिळत नाहीत. करार आहे तो परक्या, नुकत्याच आत आलेल्या आणि अजून हुसकून लावता येईल अशा किडीसाठी. दोन्हींत गल्लत झाली की पुढचं काहीच नीट कळत नाही, म्हणून हे इतकं ठासून सांगतो.

लेव्ही आणि निर्यात आकार: एकाच गोष्टीचे दोन कायदे का?

कागदपत्रांत दोन शब्द भेटतील. देशात विकलेल्या किंवा प्रक्रियेला दिलेल्या मालावर ‘लेव्ही’ आणि परदेशी पाठवलेल्या मालावर ‘चार्ज’, म्हणजे निर्यात आकार. उद्देश तोच, आणि सहसा दरही तोच. तरी कायदे दोन आहेत, कारण ऑस्ट्रेलियाच्या राज्यघटनेचं कलम ५५ सांगतं की सीमाशुल्क लावणाऱ्या कायद्यात फक्त सीमाशुल्कच असावं आणि उत्पादनशुल्क लावणाऱ्या कायद्यात फक्त उत्पादनशुल्कच. शिवाय कलम ९० नुसार ही दोन्ही शुल्कं लावायचा अधिकार एकट्या केंद्राचा. म्हणून १९९९ साली लेव्हीचा एक आणि निर्यात आकाराचा एक असे जुळे कायदे झाले. २०२४ मध्ये ते नव्यानं लिहिले गेले आणि १ जानेवारी २०२५ पासून नवी मांडणी सुरू झाली. तुमच्याकडे जुन्या माहितीपत्रकांचा गठ्ठा असेल, तर त्यातली कलमं आणि कायद्यांची नावं आता विसरा.

निर्यातीवर वेगळा आकार नसता, तर काय झालं असतं? बदामाचा मोठा हिस्सा देशाबाहेर जातो. फक्त देशांतर्गत विक्रीवर पैसे घेतले असते, तर स्थानिक बाजारात विकणाऱ्या छोट्या बागायतदारानं सगळ्यांच्या वाटचं भरलं असतं आणि कंटेनर भरून पाठवणारा मोकळा सुटला असता. कीड तर दोघांच्या बागेतला फरक करत नाही. निर्यात आकाराबद्दल कुरकुर करणाऱ्यांना मी एवढंच सांगतो की हा निर्यातीवरचा दंड नाही. दोन्ही पारडी सारखी ठेवायची ही सोय आहे.

पायरी १: आपल्या मालाची वाट कागदावर काढा

एक कोरा कागद घ्या. बागेतून निघालेला माल कुठे जातो, कुणाच्या मालकीचा कधी होतो, सालीसकट जातो की गर काढून, हे बाण काढून लिहा. वेळ लागेल, पण यात चूक झाली तर पुढचे सगळे आकडे चुकतात.

सर्वसाधारणपणे तीन वाटा निघतात. पहिली, माल प्रक्रिया करणाऱ्या कारखान्याला किंवा पहिल्या खरेदीदाराला विकणं. लेव्ही देणं लागतो बागायतदार, पण भरतो खरेदीदार, आणि तो ती रक्कम तुमच्या पट्टीतून कापून घेतो. दुसरी, मालकी स्वतःकडे ठेवून दलालामार्फत विकणं किंवा निर्यात करणं. इथे भरण्याचं काम बहुधा तो दलाल करतो, पण करारपत्रात तसं लिहिलंय का ते बघा. तिसरी, स्वतःच थेट ग्राहकाला विकणं किंवा स्वतःच्या नावानं कंटेनर पाठवणं. इथे विवरण भरायचं आणि पैसे पाठवायचं काम तुमचंच.

गोंधळ होतो तो वाटा एकमेकींत मिसळल्या की. समजा, तुम्ही कारखान्याकडून फक्त साल फोडून घेतली आणि गर परत घेऊन दुबईला पाठवला. कारखान्यानं तो माल विकत घेतला असं धरून लेव्ही कापली का? कापली असेल, तर त्याच मालावर निर्यात आकार पुन्हा द्यायचा नसतो. पण आधी भरल्याचा कागद तुमच्याजवळ हवा. कापली नसेल आणि तुम्हाला वाटलं की कापली, तर थकबाकी तुमच्या नावावर चढते. कारखान्याशी पहिल्याच हंगामात एका ओळीचं लेखी ठरवून घ्या की लेव्ही कोण भरणार. तोंडी ठरलेलं हंगामाच्या धांदलीत कुणाला आठवत नाही.

पायरी २: दराची फोड मागवा

पट्टीत बहुतेक वेळा लेव्हीची एकच रक्कम दिसते. तिच्या पोटात निरनिराळी खाती असतात. संशोधन व विकासाचा भाग, काही पिकांत जाहिरात-विपणनाचा भाग, काहींत कीटकनाशकांच्या अंशांची तपासणी, प्लांट हेल्थ ऑस्ट्रेलियाच्या सदस्यत्वाचा छोटा भाग, आणि आपली ही आणीबाणीची लेव्ही. केंद्राच्या कृषी, मत्स्य व वन खात्याच्या संकेतस्थळावर प्रत्येक पिकाचं पान आहे. तिथून चालू वर्षाची फोड उतरवून घ्या आणि पट्टीशी ताडून बघा.

दर किलोवर असतो, त्यामुळे ‘किलो कशाचा’ हा प्रश्न महत्त्वाचा. कवचासकट बदाम आणि सोललेला गर यांचे दर वेगळे असू शकतात. मॅकाडेमियात वाळवलेल्या गराच्या वजनाचा हिशोब असतो, त्यामुळे ओलाव्याचे आकडेही सांभाळावे लागतात. ओल्या मालाच्या वजनावर गराचा दर लावलेला मी स्वतः पाहिला आहे. त्या बागायतदारानं दोन हंगाम जास्तीचे पैसे भरले होते आणि ते परत मिळवायला त्याची चांगलीच दमछाक झाली.

पायरी ३: दर शून्य असतानाच दोन हिशोब करून ठेवा

शून्य दराच्या काळात करण्यासारखं काम हेच. आकडे मी कल्पनेतले घेतो, पण रीत खरी आहे.

समजा, एका छोट्या पिकात परका रोग सापडला. मोहिमेचा खर्च १ कोटी डॉलर. रोग तिसऱ्या वर्गातला, म्हणजे सरकारांचे ५० लाख आणि उद्योगांचे ५० लाख. तो रोग दोन पिकांना लागतो, आणि त्यांच्या वाटणीत आपल्या पिकाकडे ३० लाख आले. उद्योगाचा वाटा केंद्र सरकार सुरुवातीला स्वतः भरू शकतं आणि उद्योग तो नंतर लेव्हीतून फेडतो. फेडीची मुदत साधारणपणे १० वर्षांपर्यंत. म्हणजे वर्षाला ३ लाख डॉलर. देशात त्या पिकाचं वर्षाचं उत्पादन दीड कोटी किलो असेल, तर किलोमागे २ सेंट.

आता स्वतःची बाग बघा. वर्षाला ४०,००० किलो गर निघतो. २ सेंटप्रमाणे ८०० डॉलर. त्यातला २५,००० किलो कारखान्याला विकला, तर तिथे ५०० डॉलर कापले जातील. उरलेला १५,००० किलो स्वतः निर्यात केला, तर ३०० डॉलर निर्यात आकार म्हणून तुम्हाला स्वतः भरावा लागेल. हे ३०० पट्टीत कुठेच दिसणार नाहीत. म्हणूनच ते विसरले जातात.

दुसरा हिशोब थोडा जिवावर येणारा. हा रोग माझ्याच बागेत सापडला आणि माझी सगळी झाडं तोडून जाळावी लागली, तर? नवी रोपं, ती फळाला येईपर्यंतची वर्षं, बँकेचा हप्ता. हा आकडा ८०० डॉलरच्या शेजारी लिहा. दोन्ही एका कागदावर आले की लेव्हीबद्दलचं मत माणूस स्वतःच ठरवतो.

पायरी ४: बाग आणि कागद, दोन्ही वेळेआधी तयार ठेवा

मोहिमेत झाडं नष्ट झाली, तर करारात सामील असलेल्या पिकाच्या बागायतदाराला ठरलेल्या सूत्रानुसार भरपाई मिळू शकते. प्रत्येक पिकाचं सूत्र आधीच बसवलेलं असतं. कल्पना अशी की कीड कळवली म्हणून कुणी बुडू नये, आणि कुणाला त्यातून नफाही होऊ नये. पण सगळं नुकसान भरून निघेल, अशी समजूत करून घेऊ नका. भरपाई मुख्यतः मोहिमेत थेट नष्ट झालेल्या गोष्टींची. हातचा गेलेला ग्राहक, तुटलेला व्यापारी संबंध हे त्यात येत नाही. आणि जे मिळायचं, ते कागदाशिवाय मिळत नाही.

म्हणून बागेचा नकाशा करा: कोणत्या तुकड्यात कोणती जात, कोणत्या वर्षी लावलेली, किती झाडं, कोणत्या रोपवाटिकेतून आणलेली. गेल्या ५ वर्षांच्या तोडणीची वजनं, विक्रीच्या पट्ट्या, निर्यातीची बिलं, वनस्पती आरोग्य प्रमाणपत्रांच्या प्रती आणि भरलेल्या विवरणांच्या पोचपावत्या एका जागी ठेवा. लेव्हीचे कागद निदान ५ वर्षं टाकायचे नाहीत, एवढं डोक्यात असू द्या. झाडांचे फोटो तारखेसकट काढा. घरातल्या दुसऱ्या एका माणसाला फाइल कुठे आहे ते माहीत असू द्या.

बागेच्या बाजूनं करायचं ते असं. फाटकावर पाटी लावा, येणाऱ्याची नोंदवही ठेवा, भाड्यानं आणलेलं तोडणीयंत्र आत घेण्याआधी धुऊन घ्या, कलमं ओळखीच्या आणि प्रमाणित ठिकाणाहूनच आणा. परदेशातून कुणी ‘चार कांड्या’ सामानात लपवून आणतो म्हणाला, तर त्याला तिथल्या तिथे थांबवा, तो सख्खा भाऊ असला तरी. आपल्याकडे माहेरून आंब्याची डहाळी, गावची रोपं आणायची प्रेमळ सवय असते. इथे त्या प्रेमापायी सगळ्या खोऱ्याच्या बागा जाऊ शकतात.

हे अतिशयोक्त वाटत असेल, तर अमेरिकेतल्या चेस्टनटचं बघा. १९०४ साली न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्स प्राणिसंग्रहालयात सालीवरच्या एका बुरशीची नोंद झाली. ती आशियातून आलेल्या झाडांबरोबर शिरली होती. पुढच्या अर्ध्या शतकात तिनं पूर्व अमेरिकेच्या जंगलांतली ३ ते ४ अब्ज चेस्टनटची झाडं संपवली. तीच बुरशी २०१० मध्ये ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात, ओव्हन्स खोऱ्यात सापडली. इथे चेस्टनटचा उद्योग छोटा, मोजक्या कुटुंबांचा. तरीही झाडं काढून जाळण्याची आणि पुढची कित्येक वर्षं खोडन् खोड तपासण्याची मोहीम याच कराराखाली उभी राहिली. मूठभर बागायतदारांना ती एकट्यानं पेलली नसती.

बदामवाल्यांनी ‘झायलेला’ या जिवाणूचं नाव लक्षात ठेवावं. त्यानं पानं कडेनं करपत जातात आणि झाड हळूहळू आटतं. अक्रोडवाल्यांनी सालीखाली असंख्य जखमा करणारा ‘हजार व्रणांचा’ रोग, हेझलनटवाल्यांनी अमेरिकेच्या पूर्वेकडचा फांद्या वाळवणारा करपा. चित्रं आपापल्या संघटनेकडून मागवून शेडच्या भिंतीवर लावा. तोडणीला येणाऱ्या कामगारांना ती दाखवा, कारण झाडाजवळ तुमच्यापेक्षा तेच जास्त वेळ असतात.

पायरी ५: संशय आला, त्या दिवशी

देशभरात एकच क्रमांक आहे: १८०० ०८४ ८८१. फोन फुकट आहे आणि तो तुमच्या राज्याच्या कृषी खात्याकडे जोडला जातो. कीड डबीत घालून गावभर दाखवत फिरू नका. फांदी तोडून गाडीत टाकू नका. फोटो काढा, जागा खुणेनं बांधा, त्या तुकड्यातली हालचाल थांबवा, बूट आणि हत्यारं तिथेच धुवा, आणि फोन करा. शेजाऱ्याला सांगावंसं वाटणं साहजिक आहे, पण आधी खात्याला.

पुढची यंत्रणा घड्याळावर चालते. करारातल्या पक्षाला संशयित किडीची माहिती कळली की २४ तासांच्या आत ती पुढे कळवावी लागते. मग देशाच्या मुख्य वनस्पती संरक्षण अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालची तज्ज्ञ समिती बसते. कीड काय आहे, किती पसरली आहे, तिला संपवणं शक्य आहे का, हे ती बघते. तिच्या शिफारशीवर राष्ट्रीय व्यवस्थापन गट निर्णय घेतो. त्या गटात केंद्र, राज्यं आणि ज्या पिकांवर परिणाम होणार त्यांच्या संघटना बसतात. मोहीम आणि तिचा खर्च हा गट मंजूर करतो. लेव्हीच्या बदल्यात बागायतदाराला मिळणारी सर्वांत मोलाची वस्तू माझ्या मते ही खुर्ची आहे. पैसे देणारा तिथे बसून विचारू शकतो की हे २० लाख कशावर जाणार, अमुक खोऱ्यात झाडं तोडायची गरज आहे का, सर्वेक्षणाला स्थानिक माणसं का घेत नाही.

कराराच्या पैशांतून सगळंच मिळत नाही, हेही माहीत असू द्या. रोजची निगराणी, स्वतःच्या बागेची स्वच्छता, खात्याचं नेहमीचं काम या ‘नेहमीच्या जबाबदाऱ्या’. त्या ज्यानं त्यानं स्वतःच्या खिशातून पार पाडायच्या.

मधमाशीचं उदाहरण, थोडं थांबून

२२ जून २०२२ रोजी न्यूकॅसल बंदराजवळ पहाऱ्यासाठी ठेवलेल्या मधमाश्यांच्या पेट्यांमध्ये व्हरोआ माइट सापडला. मधमाश्यांच्या अंगावर जगणारा हा कोळ्याच्या जातीचा बारीक जीव तोवर ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर स्थिरावलेला नव्हता. न्यू साउथ वेल्समध्ये पेट्यांची हालचाल थांबवण्यात आली. महिन्याभरानं बदामाचा बहर उघडणार होता, आणि बदामाला मधमाशीशिवाय फळ धरत नाही. त्या जुलैत बागायतदार रात्री फोन करून विचारत होते, पेट्या येणार का? त्या आवाजातली काळजी मी अजून विसरलेलो नाही.

हा माइट बदामाच्या झाडाला शिवतसुद्धा नाही. तरीही खर्चाच्या वाटणीत मधमाशीपालकांबरोबर परागीभवनावर जगणारे उद्योग होते, आणि बदाम त्यांत आलाच. कुणाचं नुकसान होतं हे बघून वाटणी ठरते. कीड कोणत्या झाडावर बसते, एवढ्यावर नाही. तुमच्या पिकाचं नाव नसलेल्या किडीसाठीही तुमच्या पट्टीवरचं शून्य हलू शकतं, ते असं.

पेट्या जाळल्या गेल्या, मोहीम वर्षाहून जास्त चालली, आणि १९ सप्टेंबर २०२३ रोजी राष्ट्रीय व्यवस्थापन गटानं मान्य केलं की माइट आता संपवता येणार नाही. तिथून पुढचं काम म्हणजे त्याच्यासह जगायला शिकणं. अनेकांनी तेव्हा विचारलं, प्रयत्न फसला तर पैसे कसले मागता? उत्तर कडू आहे, पण सरळ आहे. झालेला खर्च झालेला असतो. केंद्रानं उद्योगाच्या वतीनं भरलेली रक्कम मोहीम फसली म्हणून माफ होत नाही. लेव्हीच्या बाजूनं बोलणाऱ्यांनी हे आधीच सांगायला हवं. लपवलं, तर पुढच्या वेळी बागायतदार विश्वास ठेवणार नाही.

पायरी ६: शून्याचा आकडा हलतो, तेव्हा काय करायचं

दर बदलायचा प्रस्ताव तुमच्या संघटनेकडून येतो. त्याआधी पत्रं, बैठका होतात. पत्र न वाचता टाकू नका. बैठकीला जा आणि हे विचारा: एकूण देणं किती, फेड किती वर्षांत, दर कोणत्या उत्पादनाच्या अंदाजावर काढला, पीक कमी आलं तर मुदत वाढणार की दर, आणि देणं फिटल्यावर दर परत शून्यावर आणायची जबाबदारी कुणाची. शेवटचा प्रश्न सर्वांत जास्त आग्रहानं विचारा. देणं फिटलं तरी कुणाचं लक्ष नसलं, तर दर तसाच चालू राहू शकतो. जास्तीची जमलेली रक्कम पुढे कशाला वापरणार, हेही तिथेच इतिवृत्तात लिहून घ्या.

नवा दर कोणत्या तारखेपासून आणि कोणत्या मालावर लागतो ते नीट वाचा. साठवणीतला गेल्या हंगामाचा माल नव्या दराच्या तारखेनंतर जहाजावर चढला तर काय, हा प्रश्न दर वेळी उभा राहतो. खात्याला ईमेलनं विचारा आणि आलेलं उत्तर फाइलला लावा. स्वतः निर्यात करत असाल, तर खात्याच्या ऑनलाइन लेव्ही प्रणालीत नोंदणी आधीच करून ठेवा. विवरणाची मुदत पिकानुसार तिमाही किंवा वार्षिक असते, ती कॅलेंडरवर लाल पेनानं लिहा. उशीर झाला की थकलेल्या रकमेवर दंड चढतो. कंटेनरचा भाव ठरवताना हा आकार त्यात धरा. भाव पक्का झाल्यावर आठवण आली, तर तो तुमच्याच खिशातून जातो.

वाशीच्या व्यापाऱ्यासाठी आणि कोकणातल्या काजूवाल्यासाठी

भारत हा ऑस्ट्रेलियन बदामाचा मोठा ग्राहक. दोन देशांमधला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ ला लागू झाला आणि वर्षाला ३४,००० टन बदामावर भारताचं आयातशुल्क निम्मं झालं. त्यातला बराच माल न्हावा शेवाला उतरून वाशीच्या बाजारात येतो. वाशीच्या आयातदाराला हा निर्यात आकार वेगळा भरावा लागत नाही. ती जबाबदारी ऑस्ट्रेलियातल्या बागायतदाराची किंवा निर्यातदाराची. पण भावाच्या बोलणीत दर वाढल्याचं कारण ‘लेव्ही’ असं सांगितलं गेलं, तर किलोमागे नक्की किती सेंट, हे विचारायचा हक्क त्याला आहे. दर जाहीर असतात. २ सेंटच्या नावाखाली २० सेंट मागितले, तर दोन मिनिटांत पडताळता येतात.

काजूवाल्यांचं वेगळं. निर्यातीतून शेतीसाठी पैसा बाजूला काढण्याची कल्पना भारताला नवी नाही. १९४० च्या कृषी उत्पादन उपकर कायद्याखाली परदेशी जाणाऱ्या ठरावीक शेतमालावर उपकर घेऊन तो कृषी संशोधनाला दिला जात असे. पण परकी कीड शिरल्यावर खर्च कुणी, किती आणि कोणत्या क्रमानं उचलायचा, असा बागायतदारांना खुर्ची देणारा करार आपल्याकडे नाही. २०१८ मध्ये अमेरिकन लष्करी अळी कर्नाटकात सापडली आणि त्याच वर्षी ती महाराष्ट्राच्या मक्यात होती. नारळावरची चक्राकार पांढरी माशी २०१६ मध्ये दक्षिणेत दिसली, आणि आज कोकणातल्या माडाच्या झावळ्या काळ्या पडलेल्या आपण बघतो. दोन्ही वेळा शेतकरी आपापल्या फवारणी पंपानिशी एकटा होता.

दापोली-वेंगुर्ल्याकडे काजू उत्पादकांच्या बैठका होतात. गावी आलो की मी वडिलांबरोबर जातो. पुढच्या बैठकीत कुणी असा निधी उभारायचा विषय काढला, तर किलोमागे किती पैसे, इथूनच चर्चा सुरू होईल, हे मला माहीत आहे. माझी विनंती आहे की ती दुसऱ्या टोकापासून सुरू करावी. ज्याच्या बागेत कीड पहिल्यांदा सापडेल, ज्यानं ती लपवली नाही, आणि म्हणून ज्याची वेंगुर्ला-४ या काजूच्या जातीची फळती झाडं बाकीच्यांच्या भल्यासाठी तोडायची आहेत, त्याला किती द्यायचे, किती दिवसांत, आणि कुठल्या खात्यातून?